खरजेचे ‘किडे’ काढून दाखवणाऱ्याला दारात उभं करू नका

“अंगातले किडे डोळ्यांदेखत काढून दाखवतो” म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पडवीसुद्धा चढू देऊ नका. आमच्या घरातून त्याने साडेचार हजार नेले आणि खरूज होती तिथेच राहिली. उलट वाढली.

गणपतीला मुंबईची मंडळी आली होती. माजघरात ओळीने अंथरुणं, पोरं कोणाच्याही गोधडीत. दसऱ्याच्या सुमारास आधी धाकट्या पुतण्याला आणि मग सासूबाईंना खाज सुटली. दिवसा बेताची, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जीव नकोसा व्हायचा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ. भातकापणीचे दिवस, त्यामुळे शेजारी म्हणाले, कुसळं लागली असतील. पहिल्यांदाच खरूज झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. गणपतीतल्या अंथरुणांशी तिचा संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्यात हा उगवला. काळी बॅग, स्टीलची वाटी, तोंडात साखर. “उन्हाळ्याच्या कुंडातलं गंधक आहे, आजी.” आपल्याकडे राजापूरचं उन्हाळे आणि राजवाडीची गरम कुंडं कातडीच्या आजारांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे निम्मं काम त्या नावांनीच झालं. गंधकाचं मलम खरजेवरचं जुनं औषध आहे हेही खरं. पण त्याच्या बॅगेत ते नव्हतं.

त्याने सासूबाईंच्या हातावर कणकेचा गोळा फिरवला आणि वाटीतल्या कोमट पाण्यात कुस्करला. पांढऱ्या अळ्या वळवळत वर आल्या. पुतण्या भोकाड पसरून रडायला लागला. अळीमागे पन्नास रुपये, आणि मोजणारा तोच! जाताना एक पांढरं मलम दिलं, त्याचे पैसे वेगळे.

त्या मलमाने दोनच दिवसांत खाज थांबली. घरात त्याचं गुणगान सुरू झालं. मग खाज दुप्पट होऊन परतली, पोटावर-मांड्यांवर पसरली, आणि मलम लावलेली कातडी लाल, पातळ दिसायला लागली.

जाऊबाईंनी एक अळी हिंगाच्या डबीत ठेवली होती. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी ती बघितली आणि त्यांना हसू आवरेना. ती तांदळात होणारी अळी होती. खरजेचा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, नुसत्या डोळ्यांना फार तर ठिपका. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. बाईंनी पुतण्याच्या बेचक्यातल्या वाकड्यातिकड्या रेघेवर खरवडलं, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि आम्हाला बघायला बोलावलं. गोलसर अंग, आखूड पाय. वाटीत वळवळणारा किडा खरजेचा असूच शकत नाही.

डबीवर ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर. बाईंना त्यात कडक स्टेरॉइड असल्याचा संशय होता. स्टेरॉइडने खाज आणि सूज दबते, पण किडे मरत नाहीत. उलट त्यांचं फावतं. शिवाय पुरळाचं रूप बदलतं, मग डॉक्टरचीही फसगत होऊ शकते.

खरं औषध त्यामानाने स्वस्तात पडलं: पाच टक्के परमेथ्रिनचं क्रीम. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीतसुद्धा लावायचं, आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. तान्ही बाळं आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. मुंबईला फोन केला तेव्हा कळलं, तिकडेही सगळे खाजवत बसले होते, लाजेपायी कोणी बोलत नव्हतं. कपडे-चादरी गरम पाण्यात धुतल्या. गोधड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवल्या, कारण अंगाबाहेर हा किडा सहसा दोन-तीन दिवसच तगतो.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. नेमका तेव्हाच हा गडी पुन्हा दारात: “बघा, डॉक्टरचं औषध लागलं नाही ना?” दिरांनी डबी कुठून आणली ते विचारलं आणि अन्न व औषध प्रशासनाचं नाव काढलं, तर वाटी तिथेच टाकून पळाला.

आता जत्रा सुरू होतायत. बाजूच्या गावात परवा तसाच एक जण दिसल्याचं कानावर आलंय, यावेळी बॅग निळी आहे.