गाभोळीच्या नक्षीचा एदो किरिको डिकँटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी तोक्योत हा डिकँटर, म्हणजे दारू ओतून ठेवायची बुचाची काचेची सुरई, घेतला. एदो किरिको म्हणजे कापून नक्षी काढलेली जपानी काच. किंमत तोक्योच्याच निशी-कासाई भागातल्या आमच्या घराच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त, त्यामुळे ठरवेपर्यंत दुकानात तीन चकरा झाल्या. गेले आठ महिने तो बहुतेक शनिवारी टेबलावर असतो.

पारदर्शक काचेवर निळ्या काचेचा पातळ थर, आणि तो फिरत्या चाकावर कापत कापत केलेली नक्षी. कारागीर भांडं चाकावर वरून टेकवतो, म्हणजे कापली जाणारी बाजू त्याच्यापासून पलीकडे असते आणि काचेतून आरपार बघत हात चालवावा लागतो. हे कळल्यापासून प्रत्येक रेघेकडे मी वेगळ्या नजरेने बघते. आमच्यावर नानाको नक्षी आहे. नानाको म्हणजे माशाची अंडी, आपली गाभोळी! बारीक रेघा एकमेकींना छेदतात आणि मध्ये उरलेला प्रत्येक ठिपका गाभोळीच्या दाण्यासारखा चमकतो. निळ्या भागातून व्हिस्की काळपट दिसते, पण कापलेल्या रेघांतून तीच मधाच्या रंगाची.

एदो हे तोक्योचं जुनं नाव. 1834 मध्ये तिथल्या कागाया क्युबेई या काचव्यापाऱ्याने कुरुंदाच्या भुकटीने काच कोरली, तिथून या कलेची सुरुवात मानतात. 2002 मध्ये जपान सरकारने तिला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. साच्यातली नक्कल ओळखायची तर बोट फिरवून बघा. साच्याच्या नक्षीच्या कडा गोलसर लागतात, हाताने कापलेल्या धारदार.

घेण्याआधी एकच गोष्ट नक्की विचारा: काचेत शिसं आहे का? आम्ही आधी गेलो त्या दुकानात हे कोणालाच सांगता आलं नाही, म्हणून तिथून घेतला नाही. शिशाच्या क्रिस्टलमध्ये दारू जितके दिवस राहील तितकं जास्त शिसं तिच्यात उतरतं. असा जुना डिकँटर घरी असेल तर त्यात त्या संध्याकाळपुरतीच ओता. आमचा बिनशिशाचा आहे.

तरीही साठवणीचं भांडं हे नव्हेच. बूच काचेचं, घासून बसवलेलं. बाटलीच्या झाकणाइतकं घट्ट बसत नाही. पावसाळ्यात पाव भाग उरलेली व्हिस्की दीड महिना तशीच राहिली, तर तिचा वास पार उतरला होता. तेव्हापासून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच भरतो. धुरकट वासाची व्हिस्की एकदा भरली तर पुढच्या खेपेलाही तिचा वास मागे राहतो, म्हणून आता एकच ठरवून टाकली आहे.

वजन रिकाम्याचं सव्वा किलो, भरला की दोनच्या आसपास. पण नक्षीमुळे ओल्या हातातूनही निसटत नाही. ओतताना शेवटचा थेंब मानेवरून खाली ओघळतो, खाचांत चिकटतो आणि त्यावर धूळ बसते. मऊ ब्रशने काढावी लागते. धुवायचा कोमट पाण्याने, हाताने, डिशवॉशरमध्ये अजिबात नाही. आतून वाळवणं हाच खरा त्रास. उलटा ठेवला तरी तळाशी वाफ धरते. मी मान मऊ फडक्यावर टेकवून तिरका ठेवते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बूच लावत नाही.

पुढच्या महिन्यात तोक्योतल्याच कामेइदो भागात जाऊन याच नक्षीचे दोन ग्लास बघणार आहोत.