स्टार्स: विद्यापीठाचा हिशेब मांडणारी पद्धत, आतून वापरल्यावर

विद्यापीठाच्या परिसरात वीज, पाणी, कचरा, इमारती आणि वाहतुकीचा कारभार पर्यावरणाला धरून चालतो का, हे मोजणाऱ्या पद्धती आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांतली 'स्टार्स' मी विद्यापीठाच्या देखभाल विभागात काम करताना वापरली. आकडे मागत विभागाविभागांत फिरले, नोंदवह्या उघडल्या, तक्ते भरले. ज्या विद्यापीठाला स्वतःत खरोखर बदल करायचा आहे, त्याच्यासाठी आजच्या घडीला मला हीच पद्धत सगळ्यांत कामाची वाटते. मात्र विद्यापीठ शहरात वसलेलं असतं आणि शहराच्या जिवावर चालतं, हे तिला अर्धंच उमगलेलं आहे.

आधी थोडी ओळख. ही पद्धत उच्च शिक्षणातल्या शाश्वततेसाठी काम करणारी 'आशे' (AASHE) ही अमेरिकी संस्था चालवते. २०१० पासून ती वापरात आहे. मिळालेल्या टक्क्यांनुसार दर्जा ठरतो: २५ ला कांस्य, ४५ ला रौप्य, ६५ ला सुवर्ण आणि ८५ ला प्लॅटिनम. दर्जा तीन वर्षं टिकतो. पहिलं प्लॅटिनम २०१५ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाला मिळालं. गुण नको असतील तर नुसती माहिती जाहीर करण्याचीही सोय आहे. जे घटक आपल्याला लागूच होत नाहीत, त्यांचे गुण एकूण बेरजेतून वगळले जातात, त्यामुळे लहान संस्थेवर अन्याय होत नाही. मी काम केलं ते २.२ या आवृत्तीवर, म्हणून खालचे तपशील तिच्यातले आहेत. ३.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली.

या पद्धतीची ताकद गुणांत नाही, ती आकडे गोळा करायच्या रीतीत आहे. प्रत्येक घटकापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव लिहावं लागतं, आणि सगळ्या अहवालाच्या खरेपणाची हमी देणारं पत्र संस्थेच्या प्रमुखाच्या किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने जोडावं लागतं. कागदावर ही औपचारिकता वाटते, पण तिने विभागांची वागणूक बदलते. नाव लिहायची वेळ आली की 'बघून सांगतो' म्हणणारा माणूस खरोखर बघतो. विजेचं बिल वित्त विभागाकडे, डिझेलचा हिशेब वाहन विभागाकडे, कचऱ्याच्या पावत्या ठेकेदाराकडे आणि वसतिगृहातल्या मुलांची संख्या अधीक्षकांकडे, असं सगळं विखुरलेलं असतं. ते एका टेबलावर आलं की संस्थेला आपलं रूप पहिल्यांदा दिसतं.

वातानुकूलनाचं उदाहरण घ्या. हरितगृह वायूंचा हिशेब म्हटलं की सगळे विजेकडे बघतात. पण यंत्रातून गळणारा गॅस हा संस्थेच्या स्वतःच्या उत्सर्जनात, म्हणजे पहिल्या गटात धरला जातो. बऱ्याच यंत्रांत असणारा आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २,०८८ पट तापमान वाढवणारा मानला जातो. म्हणजे एक किलो गळाला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. आणि हा आकडा कुठे सापडतो? दुरुस्तीवाल्याने 'गॅस भरला' असं लिहिलेल्या जॉबकार्डात. किती भरला ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. आमच्याकडे सिलिंडरचं वजन आधी आणि नंतर करून लिहायची सक्ती झाली, ती केवळ या तक्त्यामुळे. वजन लिहायला लागल्यावर कुठलं यंत्र वर्षानुवर्षं गळतंय ते आपोआप पुढे आलं आणि ती यंत्रं बदलायचा प्रस्ताव मंजूर झाला. त्याआधी तोच प्रस्ताव नुसत्या तक्रारींच्या जोरावर पुढे सरकत नव्हता.

दुसरी मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे माणसं मोजायची पद्धत. पाणी, कचरा, ऊर्जा हे सगळं दरडोई काढायचं, पण डोकी कोणाची धरायची? स्टार्समध्ये 'भारित वापरकर्ता' अशी कल्पना आहे. परिसरात राहणारा पूर्ण एक धरायचा, बाहेरून येणारा विद्यार्थी किंवा कर्मचारी पाऊण, आणि केवळ दूरशिक्षणाने शिकणारे वगळायचे. हे सूत्र नसेल, तर वसतिगृहं बांधणारं विद्यापीठ उधळं ठरेल आणि सगळ्या मुलांना शहरात भाड्याच्या खोल्यांत पाठवणारं विद्यापीठ काटकसरी दिसेल. खोलीवरच्या मुलाची आंघोळ, धुणं, स्वयंपाक आणि कचरा कुठेही जात नाही, तो शहराच्या खात्यावर पडतो. पाण्याच्या बाबतीतही असाच विचार केलेला आहे. परिसर ज्या भागात आहे तिथे पाण्याची टंचाई किती, हे जलजोखमीच्या जागतिक नकाशावरून बघतात आणि त्यानुसार पाणीवापराच्या घटकाचं वजन वाढतं. मुबलक पाण्याच्या प्रदेशातली बचत आणि टंचाईच्या प्रदेशातली बचत एकाच मापाने मोजू नये, हे मला अगदी न्याय्य वाटतं.

आता तुलना. बऱ्याच संस्था 'यूआय ग्रीनमेट्रिक' या क्रमवारीकडे वळतात. इंडोनेशिया विद्यापीठाने ती २०१० मध्येच सुरू केली, पहिल्या वर्षी ३५ देशांतली ९५ विद्यापीठं तिच्यात होती. तिच्या २०२४ च्या मांडणीत ऊर्जा आणि हवामानबदल २१ टक्के, कचरा, वाहतूक, शिक्षण-संशोधन प्रत्येकी १८, जागा आणि पायाभूत सुविधा १५ आणि पाणी १० टक्के अशी विभागणी होती. भरायला सोपी, पुरावे जोडायचे, नेमका आकडा न देता तो कोणत्या मर्यादांमध्ये बसतो एवढा पट्टा निवडायचा. सुरुवात करणाऱ्या संस्थेला ती झेपते, हे मी मान्य करते. पण तिच्यातल्या एका निकषाशी माझं अजिबात पटत नाही. एकूण जागेतली मोकळी जागा ९५ टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या घटकाचे पूर्ण गुण मिळतात. इतकी मोकळी जागा कोणाकडे असते? शहराबाहेर मोठी जमीन घेतलेल्या विद्यापीठाकडे. शहराच्या मध्यात, रेल्वे आणि बसच्या मार्गावर, उंच इमारतींत दाटीने बसलेलं महाविद्यालय इथे मागे पडतं. खरं तर शहरासाठी तेच बरं: कमी जमीन व्यापली, कमी रस्ते लागले, मुलं पायी किंवा बसने आली. त्याच क्रमवारीत पुढे वाहतुकीचे गुण आहेत, म्हणजे आधी संस्थेला लांब जाण्याबद्दल बक्षीस द्यायचं आणि मग लांबून येणाऱ्या गाड्या कमी करा म्हणून सांगायचं. शहरं विस्कळीत पसरण्याला विद्यापीठांचा मोठा हातभार लागतो. संस्था बाहेर गेली की तिच्यामागे रस्ते जातात, खोल्या उठतात, दुकानं येतात आणि शेतं जातात. स्टार्समध्ये लोक परिसरात कशाने येतात याचं सर्वेक्षण करून प्रमाण द्यावं लागतं: पायी, सायकलने, सार्वजनिक वाहनाने, की एकटे गाडीतून. शहराच्या दृष्टीने विचारायला हवा तो प्रश्न हाच आहे.

दोष स्टार्समध्येही आहेत, आणि ते लहान नाहीत.

एक तर आकडे संस्था स्वतःच देते. आशेचे लोक अहवाल तपासतात, आणि जाहीर झालेल्या अहवालातल्या आकड्यावर कोणीही शंका नोंदवू शकतो, ही सोय चांगलीच आहे. पण परिसरात येऊन मीटर कोणी बघत नाही. तुलनेसाठीचं आधारवर्षही संस्थाच निवडते. जुनी गळकी पाइपलाइन असलेलं वर्ष धरलं की पुढची बचत मोठी दिसते. अभ्यासक्रम, लोकसहभाग, नियोजन यांचे गुण मिळून परिसराच्या प्रत्यक्ष कारभाराच्या गुणांहून जास्त होतात. अभ्यासक्रमात हा विषय हवाच, त्याबद्दल वाद नाही. मात्र धोरणं आणि समित्यांच्या जोरावर संस्था बरीच वर चढू शकते आणि तिचं वीजबिल जागचं हलत नाही, हे मला खटकतं.

शहराची बाजू तर फारच पातळ आहे. सामाजिक भागीदारी आणि सार्वजनिक धोरणातला सहभाग यांचे घटक आहेत, पण ते उपक्रमांची वर्णनं मागतात. शहराच्या सांडपाणी केंद्रावर विद्यापीठाचा भार किती, संध्याकाळच्या विजेच्या मागणीत त्याचा वाटा किती, प्रवेशाच्या हंगामात आसपासची घरभाडी किती चढतात, हे एका वेगळ्या भागात आकड्यांनी द्यायला लावायला हवं. शहरांसाठी आयएसओ ३७१२० हे निर्देशकांचं मानक २०१४ पासून आहे. त्यात पाणी, कचरा, ऊर्जा सगळं रहिवाशामागे मोजतात. विद्यापीठ भारित वापरकर्त्यामागे मोजतं. खोली घेऊन राहणारा विद्यार्थी शहराच्या लोकसंख्येत धरला जाईलच असं नाही, आणि विद्यापीठाच्या हिशेबात तो पाऊणच आहे. दोघांनी मिळून पाणीवाटपाची किंवा बसमार्गांची योजना करायला घेतली की हे आकडे जुळत नाहीत. शाश्वत शहर आणि शाश्वत विद्यापीठ अशी दोन वेगळी प्रमाणपत्रं निघतात, पण नळाला येणारं पाणी एकाच धरणाचं असतं.

तरीही ज्यांच्यावर हे काम येणार आहे, त्यांना मी स्टार्सच घ्यायला सांगेन. त्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे जाहीर अहवाल. आपल्याएवढ्या, आपल्यासारख्या हवामानातल्या संस्थेने कुठल्या घटकात काय लिहिलं, ते ओळीओळीने वाचता येतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये गॅसवरची जुनी सहवीजनिर्मिती, म्हणजे वीज आणि उष्णता एकत्र तयार करणारी यंत्रणा, बाजूला ठेवली आणि इमारती थंड करताना बाहेर पडणारी उष्णता गरम पाण्यासाठी वापरायला सुरुवात केली. एवढा खर्च प्रत्येकाला झेपणार नाही, पण एकाच वेळी एका इमारतीत थंडावा आणि शेजारच्या वसतिगृहात गरम पाणी लागतं, हा विचार कुठल्याही परिसराला लागू आहे.

काम हातात घेण्याआधी एक तयारी मात्र करा. अख्ख्या परिसराला एकच वीजमीटर असेल, तर प्रयोगशाळा, वसतिगृहं आणि कार्यालयं यांना वेगळे मीटर बसवून घ्या आणि विंधन विहिरींवरही पाण्याचे मीटर लावा. त्यानंतर पूर्ण एक शैक्षणिक वर्ष जाऊ द्या, सुट्ट्यांसकट. मगच तक्ता उघडा. पहिल्या फेरीत कांस्य मिळालं तरी चालेल. गुण न मागता नुसती माहिती जाहीर केली तरी माझी हरकत नाही, फक्त ती दुसऱ्या फेरीतही त्याच मीटरांवरून आलेली असावी.