परसात आंबा: कलम की कोय?

हापूस खाल्ला, कोय परसात पुरली, रोप तरारून आलं. त्याला हापूसच लागेल, ही आशा मात्र सोडा. हापूसच्या कोयीत परागीकरणातून तयार झालेला एकच गर्भ असतो, त्यामुळे झाड आईसारखं निघेलच असं नाही. फळासाठी सात-आठ वर्षं सहज जातात आणि हाती येतो तो रायवळ. कधी नशिबाने फार गोड, कधी नुसता धाग्यांचा.

कलमाचं तसं नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ, तेही ठरलेल्या चवीचं. पण लाड जास्त. जोड मातीच्या वर ठेवायचा, त्याखालचे फुटवे खुडायचे (नाहीतर काही वर्षांनी खुंटाचंच, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रोपाचंच, झाड होतं!), पहिली दोन-तीन वर्षं मोहोर काढून टाकायचा. हे शेवटचं काम जिवावर येतं.

हापूस वर्षाआड धरतो, शिवाय साका, म्हणजे गरात न पिकलेला पांढरट, स्पंजासारखा भाग. घरच्या चार माणसांसाठी मी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचा 'रत्ना' लावेन: नीलम आणि हापूसचा संकर, साका नाही, दरवर्षी फळ.

कोयीचं झाड सोटमुळामुळे वाऱ्याला घट्ट, सावली मोठी. जागा ऐसपैस असेल तर कुंपणाकडेला एक असू द्या, लोणच्याच्या कैऱ्यांसाठी.