रॉड तिरका जातोय? मग रॉड, डंबेल की मशीन?

नव्याने वजनं उचलणाऱ्याला बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलताना, हमखास जाणवतं: उजवा हात आधी वर पोचतो आणि डावा रखडत मागून येतो. घाबरू नका. ठाण्याहून वाशीला उभ्याने जाताना कडी धरायचा हात ठरलेला, लॅपटॉपची बॅगही ठरलेल्याच खांद्यावर. दोन्ही बाजूंत थोडा फरक असणारच. आधी रॉडवरच्या खुणा बघून दोन्ही हात सारख्या अंतरावर आहेत ना, ते तपासा. कित्येकदा दोष तेवढाच असतो.

रॉडची मोठी सोय म्हणजे वजन हळूहळू वाढवता येतं. दोन्हीकडे सव्वा किलोची प्लेट लावली की अडीच किलोच वाढतात. डंबेलची पुढची जोडी बहुतेक जिममध्ये थेट पाच किलोंनी जड पडते, आणि संध्याकाळच्या गर्दीत हवी ती जोडी मिळणंही कठीण. पण रॉडवर ताकदीचा हात कमजोर हाताचं काम गुपचूप ओढून नेतो. डंबेलमध्ये ती पळवाट नाही.

म्हणून रॉड स्पष्ट तिरका जात असेल, तर छाती आणि खांद्यांसाठी दीड-दोन महिने डंबेलच घ्या, असं माझं ठाम मत आहे. एका हाताच्या व्यायामात सुरुवात कमजोर बाजूने करा. डाव्याने दहा किलोचे आठ रेप्स निघाले, म्हणजे वजन आठ वेळा उचललं गेलं, तर उजव्यानेही आठवर थांबायचं, दम शिल्लक असला तरी. फरक फक्त आरशात दिसत असेल, तर रॉड सोडायची गरज नाही.

मशीनचं थोडक्यात: दोन्ही हँडल जोडलेली असतील तर तिथेही फरक झाकला जातो. हँडल सुटी असतील तर चालेल.

पायांसाठी स्क्वॉट रॉडनेच करा, जोडीला स्प्लिट स्क्वॉट, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या-मागच्या असमतोलाची. महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत दिवसभर वाकून बसायचं आणि जिममध्ये आठवड्यातून तीनदा छाती मारायची, पाठ मात्र कधीतरी! प्रेसच्या प्रत्येक सेटमागे रोइंगचा, म्हणजे वजन स्वतःकडे ओढायच्या पाठीच्या व्यायामाचा, एक सेट हवाच, मग हातात रॉड असो वा डंबेल.

एकाच बाजूला दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा हातातली ताकद अचानक कमी झाली असेल, तर मात्र यातलं काहीच निवडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.