चेहरा २००३ चा, सांगाडा १९९९ चा

जुनी मर्सिडीज एस-क्लास घ्यायच्या विचारात असाल, तर आधी माझी फजिती वाचा.

मला या गाडीचा इतिहास तोंडपाठ. एस-क्लास हे नाव १९७२ च्या डब्ल्यू११६ या पिढीपासूनचं. १९७८ मध्ये तिला जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस मिळालं, १९८१ मध्ये पुढच्या पिढीत एअरबॅग आली. १९९१ ची डब्ल्यू१४० म्हणजे दुहेरी काचांचा रणगाडा, आणि १९९८ ची डब्ल्यू२२० तिच्यापुढे सडपातळ, हवेच्या सस्पेंशनवर तरंगणारी. विकणाऱ्याने माझं हे वेड पहिल्या पाच मिनिटांत हेरलं. पुढचा तासभर तो फक्त मान डोलावत होता, बोलत मीच होतो.

गाडी डब्ल्यू२२० होती. "दोन हजार तीनची आहे," एवढंच तो म्हणाला. बाकीचं मीच जुळवलं. २००२ मध्ये या पिढीचा फेसलिफ्ट झाला: हेडलाइट आणि बंपर बदलले, आत मोठा स्क्रीन आला, धडकेची चाहूल लागताच सीटबेल्ट आवळणारी प्री-सेफ यंत्रणा आली. समोर हेडलाइट नवे, बंपर नवा, कागदावर २००३. स्क्रीन लहान होता, हे मला दिसायला हवं होतं. पण मी लाकडी पट्टीवरून हात फिरवण्यात दंग.

बोनेट कोमट लागलं, तेव्हा "तुमच्यासाठी आत्ताच धुऊन आणली" असं उत्तर मिळालं. मला कौतुकच वाटलं! खरं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसली होती. टायर आणि मडगार्डमध्ये बोट शिरत नव्हतं. सस्पेंशनची रबरी पिशवी झिरपत होती. इंजिन चालू झालं की कंप्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा ताठ उभी राहते. म्हणून अशी गाडी पाहायला जाल, तेव्हा ती रात्रभर बंद उभी असलेलीच दाखवा म्हणावं, आणि इंजिन सुरू करण्याआधी चारही कोपरे पाहावेत.

मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर साल होतं १९९९. काचांवरच्या खुणाही त्याच सुमाराच्या. चेहरा तेवढा दुसऱ्या गाडीचा उतरवून बसवलेला. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बांधणीची माहिती काढायला मला एक दिवस लागला. तो दिवस मी पैसे दिल्यानंतर काढला.

विकणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कागदावर नोंदणीचं साल आहे. दोन हजार तीनला बनली असं मी कधी म्हणालो?"

कागद पुन्हा वाचला. बाहेरून आणलेल्या गाडीची इथली पहिली नोंदणी, २००३. बनल्याचं साल त्याच कागदावर, खालच्या ओळीत होतं.