सोलमधील पाच रात्री: सोछोनच्या एका हानोक गेस्टहाऊसचा अनुभव

दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील सोछोन हा भाग ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या पश्चिमेला, इनवांगसान डोंगराच्या पायथ्याशी आहे. तेथील एका अरुंद गल्लीतील हानोक गेस्टहाऊसमध्ये आम्ही पती-पत्नी गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस पाच रात्री राहिलो. हानोक म्हणजे लाकडी सांगाडा, मातीच्या भिंती, वर काळसर कौले आणि मधोमध मोकळे अंगण असलेले जुन्या धाटणीचे कोरियन घर. नाश्त्यासह दोघांचे एका रात्रीचे भाडे १,२०,००० वॉन पडले. एवढ्या पैशात जवळपासच्या हॉटेलात लिफ्ट, खुर्ची आणि पलंग असलेली खोली मिळाली असती, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही पुन्हा सोलला गेलो तर मी येथेच उतरेन, आणि ते घर चालवणाऱ्या बाईंमुळे.

पोहोचण्याची गोष्ट मात्र फारशी सुखद नाही. भुयारी रेल्वेच्या ३ क्रमांकाच्या मार्गावरील ग्योंगबोकगुंग स्थानकातून २ क्रमांकाच्या दाराने बाहेर पडले, की घर दहा मिनिटांवर आहे. पण आमच्या फोनमधले नेहमीचे नकाशाचे ॲप पायी जाण्याची वाटच दाखवीना, आणि बुकिंगच्या संकेतस्थळाने पत्ता अर्धवट दिलेला. सामान ओढत आम्ही अर्धा तास त्याच तीन गल्ल्यांत फिरलो. (नावेर किंवा काकाओचे नकाशाचे ॲप आधीच उतरवून घ्यावे.) शेवटी एका विद्यार्थ्याला फोनवरचा पत्ता दाखवला. त्याने तो वाचला, आम्ही ज्या दिशेने आलो होतो त्या दिशेला वळला, माझ्या पत्नीच्या हातातली बॅग घेतली आणि थेट दारापर्यंत चालत आला. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, हसलाही नाही. दाराशी मान लववून आल्या वाटेने निघून गेला. कोरियन माणसे तुटक वागतात अशी तक्रार पुष्कळ प्रवासी करतात; त्यांना बहुधा या मुलाचा चेहराच दिसला असावा, हातातली बॅग दिसली नसावी.

मालकीणबाई साठीच्या आसपासच्या. त्यांनी आमचे कार्ड दोन्ही हातांनी घेतले, दोन्ही हातांनीच परत केले, आणि भाषांतराच्या ॲपमध्ये पहिला प्रश्न टाइप केला तो आमच्या जन्मवर्षाचा. पत्नीला हे जरा आगाऊपणाचे वाटले. पण कोरियन भाषेत क्रियापदाचा शेवटच समोरच्याच्या मानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे वय कळल्याशिवाय वाक्य कसे पुरे करावे हे ठरवणे अवघड जाते. तू, तुम्ही आणि आपण यांत रोज निवड करणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा निघालो आणि त्या दिवसापासून ताटातला पहिला वाडगा माझ्यापुढे येऊ लागला. आम्ही त्यांना ‘साजांगनिम’, म्हणजे ‘मालक’ या शब्दाचे आदरार्थी रूप, असे म्हणत होतो. बाजारातल्या खाणावळीत मात्र वाढणाऱ्या बाईला गिऱ्हाइके ‘इमो’ अशी हाक मारतात आणि इमो म्हणजे चक्क मावशी. हे कळल्यावर पत्नी तेथे एकदम मोकळेपणाने वावरू लागली.

खोली लहान, साधारण दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. जमिनीवर गाद्या, खिडकीला हानजी हा हाती बनवलेला कागद, आणि खालून तापणारी जमीन. या जमिनीला ओन्दोल म्हणतात. पूर्वी चुलीचा धूर आणि उष्णता फरशीच्या दगडांखालच्या पोकळीतून नेत असत. आता बॉयलरचे गरम पाणी नळ्यांतून फिरते. चुलीजवळच्या सर्वांत उबदार जागेला आरेन्मोक असे नाव आहे आणि ती जागा वडीलधाऱ्यांना किंवा पाहुण्यांना द्यायची रीत आहे. बॉयलर आल्यापासून साऱ्या खोलीत ऊब सारखीच असते, तरी बाई आमच्या गाद्या रोज दारापासून दूरच्या भिंतीशीच घालत. बाहेर पारा शून्याच्या खाली असताना पाठीला मिळणारी ती ऊब मी विसरणार नाही. गुडघे मात्र जमिनीवरून उठताना रोज सकाळी कुरकुरले.

नाश्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शाकाहारी प्रवाशाची खरी परीक्षा तेथेच होते. पहिल्या सकाळी भात, अंडे, समुद्री शेवाळाचे पापुद्रे, मोड आलेल्या सोयाबीनची भाजी, किमची (आंबवलेल्या कोबीचे लोणचे) आणि दोएनजांगचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे, सूप होते. आम्ही मांस-मासे खात नाही, अंडे चालते, असे आधी कळवले होते, म्हणून निर्धास्तपणे सुरुवात केली. दुसऱ्या घासाला मला सुक्या मासळीचा वास आला. कोरियात सूप बहुधा सुक्या लहान मासळीच्या पाण्यात करतात आणि किमचीतही खारवलेली कोळंबी किंवा माशांचे आंबवण घालतात. ‘मासे नाहीत’ याचा अर्थ तेथे ‘माशांचा तुकडा नाही’ एवढाच होतो. मी चमचा खाली ठेवला, बोललो काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सूप आणून ठेवल्यावर बाई पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या आणि सुक्या समुद्री शेवाळाचे रिकामे पाकीट घेऊन आल्या. पाकिटावर बोट ठेवले, मग सुपाकडे बोट दाखवले, मग दोन्ही हातांची फुली करून ‘म्योलची’, म्हणजे ती सुकी मासळी, ‘नाही’ असे सांगितले. किमचीची वाटी पुढचे चारही दिवस ताटात आली नाही.

कचऱ्याच्या बाबतीत आमची शिकवणी झाली. कोरियात १९९५ पासून घरचा कचरा विकत घेतलेल्या ठरावीक पिशवीतच टाकावा लागतो. शिवाय आता उरलेले अन्न वेगळे ठेवावे लागते, आणि पारदर्शक बाटल्या लेबल सोलून वेगळ्या द्याव्या लागतात. मी पाण्याची बाटली तशीच टोपलीत टाकली होती. बाईंनी ती उचलली, माझ्यासमोरच नखाने लेबलाची कड सोडवली, बाटली चेपून एका पेटीत आणि लेबल दुसऱ्या पेटीत टाकले. रागाचा शब्द नाही, सूचनाफलकाकडे बोटही नाही. त्यानंतर आम्ही लेबले सोलत बसलो.

रात्री दहानंतर अंगणात बोलायचे नाही, हा नियम इथे कडक आहे आणि तो रास्त आहे. राजवाड्याच्या पलीकडच्या बुकछोनमध्ये पर्यटकांच्या गोंगाटाने रहिवासी इतके त्रासले, की तेथील काही गल्ल्यांत संध्याकाळी पाच ते सकाळी दहा या वेळेत पर्यटकांना बंदी आहे आणि मार्च २०२५ पासून १,००,००० वॉन दंडही आहे.

एवढे सौजन्य घरात पाहून बाहेर पडलो, की भुयारी रेल्वेत लोक खांद्याने ढकलून पुढे जातात आणि मागे वळूनही पाहत नाहीत. पण त्याच खचाखच भरलेल्या डब्यात टोकाच्या, वृद्धांसाठी राखलेल्या जागा रिकाम्या असतात आणि तरुण मुले त्यांच्यासमोर उभी राहतात. मला त्या जागेवर बसवण्यासाठी एका आजोबांनी बाही धरून ओढले, तेव्हा मी नेमका किती म्हातारा दिसतो, याचा थोडा विचार केला.

आता उणिवा. संकेतस्थळावरील छायाचित्रांत खोली दीडपट मोठी दिसते. न्हाणीघरात शॉवर आणि कमोड यांच्यामध्ये पडदादेखील नाही, त्यामुळे जमीन कायम ओली राहते. भिंतींतून शेजारच्या पाहुण्याचा पहाटे पाचचा गजर स्वच्छ ऐकू येतो. शिवाय आम्ही गेलो तो किमजांगचा, म्हणजे हिवाळ्यासाठी किमची घालण्याचा, हंगाम होता. युनेस्कोने २०१३ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेली ही प्रथा जवळून पाहायला मिळाली खरी, परंतु दोन दिवस सगळे अंगण मिठात घातलेल्या कोबीच्या टबांनी आणि शेजारणींनी भरलेले होते, आणि खोलीतून दारापर्यंत जाण्यास वाट मागावी लागे. हे बुकिंगच्या वेळी कळवायला हवे होते.

पाचपैकी चार गुण. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि लहान मुले बरोबर असलेल्यांनी हॉटेलात राहावे. इतरांनी गल्लीकडची खोली टाळून अंगणापलीकडची मागावी, आणि दाराची चौकट जेमतेम साडेपाच फूट उंच आहे हे ध्यानात ठेवावे. माझ्या कपाळावर त्याच्या दोन खुणा आहेत.