टिपरे आधी की मुसद्दीलाल?

पऱ्हाटीची वेचणी आटोपली की घरी सगळ्यांना दोन मालिका दाखवायच्या आहेत: अल्फा मराठीवरची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आणि सब टीव्हीवरची हिंदी ‘ऑफिस ऑफिस’. दोन्ही २००१ सालच्या. आमच्या गावात तेव्हा केबल नव्हती, त्यामुळे दोन्ही हुकल्या.

टिपरे म्हणजे आबा, शेखर, श्यामल, शलाका, शिऱ्या. दिलीप प्रभावळकरांचे आबा नातवाशी बोलू लागले की हसू आपसूक येतं. घर शहरातलं, पण तीन पिढ्यांची ओढाताण आपल्याच ओसरीवरची वाटते.

‘ऑफिस ऑफिस’ मात्र थेट काळजाला भिडते. पंकज कपूरचा मुसद्दीलाल काम घेऊन कचेरीत जातो. कचेरी दरवेळी वेगळी, पण टेबलामागची माणसं तीच: शुक्ला, पटेल, भाटिया, पांडे, उषाजी. काय जबरदस्त कल्पना आहे ही! खातं कोणतंही असो, ‘उद्या या’ म्हणणारा चेहरा तोच.

माझ्या बाबांनी फेरफारासाठी चार महिने खेटे घातले. कागदांची पिशवी टेबलावर सोडायची, सुतळीनं पुन्हा बांधायची, एसटी धरायची. मागल्या उन्हाळ्यात त्यांना मोबाइलवर एक भाग दाखवला. पोट धरून हसले अन् म्हणाले, “हा तं आपल्यावानी कास्तकारच दिसते, बापा!” हिंदीचं म्हणाल तर विदर्भात ती कुणाला अडत नाही.

घरात लहान पोरं असतील तर टिपरे आधी लावा. मी मात्र मुसद्दीलालच लावणार, बाबांच्या बाजेशेजारी बसून.